चार सेकंदांचा कॉम्प्युटर

गुरुवारी दुपारी निशा दारात उभी राहिली, तेव्हा मी तिला आधी ओळखलंच नाही. तिची आई शकू माझ्या इन्स्टिट्यूटच्या पायरीवर भाजी विकायला बसायची, तेव्हा ही पुढचे दोन दात पडलेली पोर शेंगा निवडत असायची. आता समोर तिशीची बाई. करंजाड्यात पोळीभाजी केंद्र चालवते, हातात मोबाईल आणि स्कूटरची किल्ली. नाव सांगितलं आणि चपला काढायच्या आधीच विचारलं, "टिपणीस बाई, आयचं धवलं तुमच्या कांपुटरात हायत ना अजून?"

मी म्हटलं, आहेत. कुठे जातील?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. धवले म्हणजे आगरी लग्नात गायची गाणी. हळद लागताना एक, तेल चढताना दुसरा, नवरी पाटावर बसताना तिसरा, असा प्रत्येक विधीचा धवला वेगळा. ते गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात आणि जुन्या घरांत तिच्यावाचून लग्नाचं पान हलत नाही. शकू ही कोन गावची धवलारीण. तिच्या आधी तिची सासू होती. शकू गेल्या श्रावणात गेली.

निशाची अडचण अशी होती. रविवारी कोनला जगन म्हात्रेच्या मुलीची हळद होती. त्या घरातल्या तीन पिढ्यांच्या हळदीला निशाच्या घरातल्या बाया गायल्या होत्या. आता जगनची मुलं म्हणत होती, धवले मोबाईलवर मिळतात, स्पीकरला जोडून देऊ. जगनची आई अजून आहे, पंच्याऐंशीची. तिने निशाला निरोप धाडला होता की तू गातेस का ते सांग, नाहीतर मग ती पोरं काय ते वाजवतील. एका घरी स्पीकर बसला की पुढच्या घरीही तोच बसणार, हे निशाला कळत होतं. आईची जागा तिच्या हातून जाणार होती, आणि तिला ती हवी होती. हे तिने बोलून दाखवलं नाही. नुसती किल्ली बोटात फिरवत बसली.

मी विचारलं, "तू तर लहानपणापासून आईबरोबर गात होतीस. तुला येत नाहीत?"

"अर्धं येतान," ती म्हणाली. "मी मागं गायची ना बाई."

मग माझ्या लक्षात आलं. धवल्याची ओळ दोन तुकड्यांत असते. पहिला तुकडा धवलारणीने टाकायचा आणि दुसरा मागच्या बायांनी झेलायचा. निशा वयाच्या आठव्या वर्षापासून झेलत आली होती. प्रत्येक ओळीची शेपटी तिला पाठ, पण तोंड माहीत नाही. आई ओळ टाकणारच, या भरवशावर तिचा जन्म गेला. शकूनेही मुद्दाम बसवून शिकवलं नाही, कारण लग्नावाचून धवला गळ्यातून काढायचा नाही असा तिचा नेम होता. घरात बसून गायला तर घरात अवेळी लग्न मागेल, असं काहीतरी ती म्हणायची.

मग माझ्याकडे ते कसे आले? तेही सांगते, कारण ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते.

१९७४ साली मी लाईन आळीत टायपिंग इन्स्टिट्यूट काढलं. बावीस मशिनी, बाकांच्या दोन ओळी, भिंतीवर घड्याळ. सकाळी सातपासून पोरी यायच्या. बाहेरून ऐकलं की पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटे. शकू डोक्यावर पाटी घेऊन कोनहून यायची, थंडीत वालाच्या शेंगा, एरवी तोंडली, शेवगा. पायरीवर सावली असायची म्हणून तिने ती जागा धरली, आणि मी पाणी द्यायची म्हणून टिकवली. आतला आवाज ऐकून म्हणायची, "तुमच्या पोरी कांडतान बऱ्या, पन पीठ कुठं पडतंय दिसत नाय."

पुढे मशिनी गेल्या. मोहल्ल्यातल्या अय्यूबभाईंनी मला तसा सल्ला दिला होता. ते कुवेतहून परतलेले, आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर जोडायला लागले. म्हणाले, बाई, आता हे शिकवा, नाहीतर पोरी पुढच्या गल्लीत जातील. बावीसच्या बावीस मशिनी टेम्पोत घालून कळंबोलीच्या लोखंड बाजारात गेल्या आणि त्या दिवशी मी जेवले नाही. त्यांच्या जागी अय्यूबभाईंनी स्वतः जोडलेले सहा कॉम्प्युटर आले. पहिला २००१ साली, माझ्या टेबलावर. तोच हा.

२००३ च्या थंडीत एके दुपारी शकू आत येऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली की माझी सासू अर्धे धवले पोटात घेऊन गेली, माझे तुझ्या मशिनीत घालून ठेव. मी म्हटलं, गा. तिने कानाला हात लावला. लग्न कुठे आहे? गायचं नाही, पण बोलायला हरकत नाही, असं तिने स्वतःच ठरवलं. त्यालाही अटी होत्या. कॉम्प्युटरसमोर विड्याचं पान, सुपारी आणि नारळ ठेवायचा. अमावास्येला बसायचं नाही. आणि मधे थांबवायचं नाही, कारण थांबवलं तर तिला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागे. धवला तिच्या डोक्यात नव्हता, जिभेवर होता. जीभ अडली की संपलं.

मी आयुष्यभर मुलींच्या परीक्षा घेतल्या. माझी परीक्षा शकूने घेतली. दुपारी दोन ते चार, ती डोळे मिटून बोलत सुटायची आणि मी पडद्याकडे न बघता बडवत असायची. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं. कानावर पडेल ते बोटांतून उतरत होतं. महिनाभर हे चाललं. एकतीस पानं झाली.

तेव्हा एक प्रिंट काढून शकूला दिला होता. तिने तो पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला आणि २००५ च्या सव्वीस जुलैच्या त्या पुरात पेटीसकट गेला. मी दुसरा काढला नाही, कारण आहे की मशिनीत, असं वाटलं. पुढे एकदा भाच्याने फाईल काढून मोबाईलवर उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि डोक्यावर टोप्या घातलेले स्वर. जुना फॉन्ट होता, तो फक्त ह्याच मशिनीत. मराठी वाचायची तर हिच्याच तोंडाने. म्हणून इन्स्टिट्यूट बंद केलं, ती इमारत पडून नवी उभी राहिली, मी तिसऱ्या मजल्यावर आले, तरी हा कॉम्प्युटर माझ्याबरोबर वर आला. महिन्यातून एकदा चालू करते, थोडा वेळ फिरू देते, बंद करते.

तर गुरुवारी मी निशाला म्हटलं, बस, आत्ता दाखवते. कॉम्प्युटरवर झाकलेला टॉवेल काढला, यूपीएस लावला, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, पंखा घरघरला, मला बरं वाटलं. आणि सगळं बंद पडलं.

वायर काढून पुन्हा लावली, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दिवा, घरघर आणि अंधार. पडद्यावर एक अक्षर उमटत नव्हतं.

निशाने माझ्याकडे बघितलं. मी मास्तरीण, त्यामुळे घाबरलेलं दाखवायची सवय नाही. म्हटलं, थांब. वायरी तपासल्या. यूपीएस काढून सरळ भिंतीतल्या प्लगला जोडलं. मग बाजूचा पत्रा काढला आणि धूळ पुसली. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले. हा उपाय मी शेकडो वेळा केला आहे आणि दहातल्या सातदा लागू पडतो. पट्टी बसवली, बटण दाबलं. दिवा, घरघर, अंधार.

"बाई, गेलं काय हो?" निशाने हळू विचारलं.

मी तिला सांगितलं की उद्या ये.

शुक्रवारी टपाल नाक्यावरच्या दुकानातून हेतल आली. चाळिशीची आहे, हुशार आहे, माझ्याकडेच कधीतरी कोर्स केला होता. तिने दुसरा पॉवर सप्लाय लावून बघितला. तेच. वीस मिनिटांनी हात झटकून म्हणाली, "आंटी, मदरबोर्ड गेला. पंचवीस वर्षं झाली, अजून काय पाहिजे त्याच्याकडून? डिस्क काढून देते, पण ही जुनी चपटी पट्टीवाली आहे, तिची केबल माझ्याकडे नाही. सोमवारी मुंबईहून आणते." मी म्हटलं, रविवारी हळद आहे. ती म्हणाली, "हळदीचा आणि हार्ड डिस्कचा काय संबंध?" तिला सगळं समजावण्याइतका दम माझ्यात नव्हता.

निशा तोवर दारात येऊन उभी होती. तिने ऐकलं. म्हणाली की मग मी जगनच्या आईला कळवते, स्पीकर लावू दे. इतक्या साधेपणाने म्हणाली की मला राहवेना. मी म्हटलं, उद्या सकाळपर्यंत कळवू नकोस.

अय्यूबभाईंशी मी अकरा वर्षं बोलले नव्हते. भांडण मोठं नव्हतं. इन्स्टिट्यूट बंद करताना ते म्हणाले होते की बाई, हे सहाही आता भंगारात घाला. मला माझ्या बावीस मशिनी आठवल्या आणि मी म्हणाले, तुम्हाला सगळंच भंगार दिसतं, उद्या मलाही टेम्पोत घालाल. चार माणसांसमोर म्हणाले. ते उठून निघून गेले. त्यानंतर बाजारात समोरासमोर आलो की मी मिरच्या निवडायला लागायची.

शनिवारी सकाळी मोहल्ल्यात गेले. दार जमिलाने, त्यांच्या बायकोने उघडलं. मला बघून तिने आधी आत वळून हाक मारली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "या. वाट सापडली म्हणायची." तिने चहा ठेवला आणि मला स्पष्टच सांगितलं की ह्यांचे हात आता कापतात, मोतीबिंदू काढल्यापासून बारीक काम सोडलंय, आस लावून घेऊ नका. अय्यूबभाई बाहेर आले. पांढरी दाढी, माणूस निम्मा झालेला. मी काय झालंय ते सांगितलं. भांडणाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. ते एवढंच म्हणाले, "मी बनवलेलं मशीन आहे. तपासून तरी घेऊ. रिक्षा बोलवा."

घरी निशा आली होती. अय्यूबभाईंनी कॉम्प्युटरला हातही लावला नाही. खुर्ची ओढून शेजारी बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, चालू करा. मी बटण दाबलं. दिवा, घरघर, अंधार.

"परत."

पुन्हा तेच. पाच वेळा तेच. ते मांडीवर बोट आपटत होते. मग डोळे उघडून माझ्याकडे वळले.

"बाई, बिमार मशीन मोजून मरत नाही. कधी दोन सेकंदांनी जाईल, कधी दहा. हे दर वेळी चारलाच जातंय. तुम्ही पोरांना काय शिकवायचात? मशीन अडकलं आणि काही केल्या ऐकेना, तर काय करायचं?"

"बटण चार सेकंद दाबून धरायचं," मी म्हणाले. "मग बंद होतं."

"मग कुणीतरी दाबून धरलंय."

आम्ही तिघंही त्या बटणाकडे बघत राहिलो. पुढच्या बाजूला मधोमध असलेलं, रुपयाएवढं गोल बटण. कुणाचं बोट त्यावर नव्हतं. अय्यूबभाईंनी निशाला बॅटरी धरायला सांगितली, आत वाकले, आणि बटणापासून बोर्डाकडे जाणारी दोन वायरींची बारकी टोपी मला उपटायला लावली. म्हणाले, आता बटणाचा आणि मशिनीचा संबंध तुटला. त्या जागी दोन टाचण्यांसारखी टोकं उघडी पडली होती. त्या दोन्हींना एकदम स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, क्षणभर, आणि उचलायचं. त्यांनी स्वतः प्रयत्न केला, पण हात थरथरत होता. टोक भलतीकडेच जाई. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर निशाकडे दिला.

"तू लाव, बेटी."

"मना करंट लागंल."

"ह्याच्यात एवढा करंट नाही. दिवसाला किती पोळ्या लाटतेस?"

"चारशे."

"मग तुझा हात काय हलणार आहे."

निशाने ओठ दाबून टोक टेकवलं आणि चटकन उचललं. दिवा लागला. पंखा घरघरला. मी मनात मोजत होते. तीन. चार. पाच. सहा. सातव्याला आतून तो ओळखीचा एकच बारका 'टीं' आवाज आला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली.

मशीन चालू ठेवून अय्यूबभाईंनी पुढचं झाकण उचकटलं आणि बटण काढून माझ्या तळहातावर ठेवलं. त्याच्या कडेने जाड कड होती, दगडासारखी टणक. एक थर पिवळा, एक तांबडा, पुन्हा पिवळा, पुन्हा तांबडा.

माझे कान तापले. दर दसऱ्याला मी यंत्राची पूजा करते. टायपिंगच्या मशिनी होत्या तेव्हापासून करते. हळदीकुंकू लावायचं तर कपाळासारखी जागा कॉम्प्युटरला एकच आहे, ते गोल बटण. कोरडं कुंकू प्लॅस्टिकवर राहत नाही, म्हणून मी बोट पाण्यात बुडवून लावते. चोवीस दसरे. ते पाणी कडेने आत उतरत गेलं आणि वाळत गेलं. यंदाच्या दसऱ्याला सकाळी मशीन फिरवून बंद केलं, पूजा केली, आणि त्या दिवसापासून दाबलेलं बटण लगेच बाहेर येईना, रांगत रांगत यायचं, तोवर चार सेकंद होऊन जायचे. कपाळ समजून मी त्याचा गळा दाबत आले होते.

अय्यूबभाई हसले नाहीत, पण दाढी हलत होती. "दसऱ्यानंतरचे आठ दिवस माझं दुकान तुमच्या देवांवर चालायचं," ते म्हणाले. "पंख्यात अक्षता. आत झेंडूच्या पाकळ्या. एकाने सीडीच्या खणात पेढा ठेवला होता, मुंग्यांनी पुरं मशीन खाल्लं. पण हे काम पक्कं आहे. असं मी बघितलं नाही."

"तुम्हीच बनवलंय, म्हणून टिकलं," मी म्हणाले. अकरा वर्षांत सांगायचं राहिलेलं मला एवढंच सांगता आलं.

"भंगारात घाला म्हटलं होतं मी."

"म्हटलं होतंत."

"बरं झालं तुम्ही कुणाचं ऐकत नाही ते."

आतली घड्याळाची बॅटरी संपली होती, त्यामुळे पडद्यावर २००१ सालचा जानेवारी महिना आला आणि यंत्र पुढे जायला परवानगी मागू लागलं. मी कळ दाबली. जुन्या फाईलींची यादी आली. त्यांत परीक्षेचे फॉर्म, मुलींची नावं, त्यांतल्या कित्येकींची पोरं आता कॉलेजात असतील. खाली 'शकू'. उघडली. मराठीत होती, काना-मात्रेसकट.

निशा पुढे सरकून वाचायला लागली. ती हळू वाचते. "मिठागराच्या वाटेनं हलद कोनी आनली," असं तिने बोट ठेवत वाचलं आणि पुढचं न बघताच तिच्या तोंडून आलं, "हलद कोनी आनली गो, मावलीनं आनली." दुसरी ओळ. तोंड पडद्यावरचं, शेपटी तिची. तिसऱ्या ओळीला तिने पडदा आणि पाठ यांत फरक करणं सोडून दिलं होतं. सूर लावत नव्हती, आईचा नेम तिने मोडला नाही, नुसती बोलत होती. अय्यूबभाई बटणाची कड स्पिरिटने घासता घासता थांबले होते.

चौथ्या पानावर ती अडकली. मी विचारलं, काय झालं? तिने पडद्यावर बोट ठेवलं. मी चष्मा लावून वाचलं. धवल्याच्या मधोमध, ओळीला ओळ जोडून, लिहिलं होतं, 'निशे त्या शेंगा उन्हातून उचल आधी'.

मी टायपिस्ट. कानावर पडेल ते बोटांतून उतरतं. शकूला थांबवायचं नव्हतं, म्हणून बोलता बोलता तिने पायरीवर बसलेल्या निशाला मारलेल्या हाकाही मी तेव्हा गाळल्या नव्हत्या. आणि नंतर मी ते वाचलं कुठे होतं? प्रिंट काढला, देऊन टाकला. पुढे शोधलं तर पानापानावर होतं. 'पानी दे गो टिपनीस बाय'. 'ह्यो वाटा कशाला देतं त्याला, वजन कर नीट'. 'निशेच्या डोक्यात उवा झाल्यान'. एके ठिकाणी धवला संपल्यावर, 'ही पोर मागं गाते ती बरी गाते पन तिला सांगू नको'.

निशा उठली आणि माझ्या स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ पाणी वाहत होतं. अय्यूबभाई खिडकीबाहेर बघत होते. मी त्या ओळी पुसाव्यात का, असा विचार केला. शेवटी मी दुरुस्तीवाली मास्तरीण, एका चुकीला एक गुण कापणारी. हात कळफलकावर गेला आणि तसाच मागे आला.

निशा बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, "बाई, पयल्यापासून दाखवा."

प्रिंटर चालत नव्हता. तिने पानापानाचे मोबाईलवर फोटो काढायला सुरुवात केली, पण जुन्या पडद्याचे फोटो काढले की आडवे पट्टे येतात, अर्ध्या ओळी पट्ट्याखाली जात. म्हणून मी लांब वही काढली आणि उतरवायला बसले. संध्याकाळपर्यंत लिहिलं. बोटं अखडली, पण एकतीस पानं वहीत आली. निशाने एकदा काळजीने विचारलं की ते मधलं बोलणं पण लिहिताय काय. मी म्हटलं, वहीत फक्त धवले आहेत. बाकीचं इथेच राहील, तुला हवं तेव्हा येऊन वाच.

जायच्या आधी अय्यूबभाईंनी बटण परत बसवलं, टोपी जोडली आणि सात-आठ वेळा चालू-बंद करून बघितलं. मला म्हणाले की पुढच्या दसऱ्याला वरच्या पत्र्यावर लावा, कितीही लावा.

रविवारी दुपारी निशाने मला स्कूटरवर मागे बसवून कोनला नेलं. माझ्या वयाला शोभणारी गोष्ट नव्हती, पण वही माझ्याकडे हवी असा तिचा हट्ट होता. काही विसरली तर मी शेजारी बसून सांगायचं. जगनच्या दारात मोठा मांडव होता, दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. मुलं वायर हातात धरून तयारच होती. जगनची आई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, नवरीच्या पाटाजवळ. तिने निशाला आपादमस्तक बघितलं आणि मुलांना हाताने मागे व्हायला सांगितलं.

निशा पाटाजवळ खाली बसली. मी तिच्या बाजूला वही उघडून. मागे दहा-बारा बाया, हिरव्या चुड्यांच्या, एकमेकींना कोपराने ढोसणाऱ्या. मला शनिवारपासून एक भीती होती. ती मी निशाला बोलले नव्हते.

तिने सूर लावला. आवाज शकूसारखा नव्हता, जाडसर, थोडा कापरा. "मिठागराच्या वाटेनं हलद कोनी आनली." एवढं म्हणून ती थांबली, जशी आई थांबत असे.

आणि मागून काहीच आलं नाही.

मी त्यालाच भीत होते. मागून झेलणारी पहिली बाई नेहमी निशाच असायची. बाकीच्या तिच्यामागे जायच्या. ती पुढे आली आणि तिची जागा रिकामी पडली. बायांनी एकमेकींकडे बघितलं. स्पीकरजवळचं एक पोरगं हसलं. निशाने आपणच पुढचा तुकडा गायला, मग पुढची ओळ, पुन्हा तिचीही शेपटी. दोन्ही तुकडे तीच गात होती. श्वास पुरेना. नवरीच्या गालाला हळद लावणाऱ्या हातांना ताल सापडेना. मी घाईघाईने वहीत ओळ शोधत होते, कारण तिने तिसरी सोडून चौथी धरली होती.

माझ्या गुडघ्याला काठी टोचली. जगनची आई.

"काय वाचतं गो?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तिची एक ओळ चुकली.

"चुकंल नायतर काय करंल, दोघींचं एकटीच गाते," म्हातारी म्हणाली. "तुना येतंय ना ते? मग वही ठेव खाली आन् झेल."

मला चाल येत नव्हती. आयुष्यात मी कुठल्या लग्नात तोंड उघडलं नव्हतं. पण एकतीस पानांचे शब्द एकदा बोटांतून आणि एकदा हातातून गेले होते. निशाने पुढची ओळ टाकली आणि मी वही खाली ठेवून झेलली. सूर कुठला, आवाज काय, विचारू नका. अर्धी मात्रा उशिरा पोचले. मागे कुणीतरी खुदकन हसलं, पण हसणारीनेच पुढची ओळ माझ्याबरोबर घेतली. मग तिच्या शेजारणीने, मग आणखी चौघींनी. आठव्या-नवव्या ओळीला माझा आवाज मलाच ऐकू येईनासा झाला.

निशाने मागे वळून बघितलं नाही. तिला आता शेपटीची काळजी नव्हती. श्वास पुरा घेऊन तिने पुढची ओळ टाकली. ती वहीत होती की नव्हती, मला ठाऊक नाही.